तो प्रश्न आठव्या महिन्यात विचारा: स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही त्याला पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. बरोबर माझे यजमान होते, सासूबाई होत्या. खोलीत शिरल्या शिरल्या तो वजनकाट्यावर चढला, उतरला, पडद्याची दोरी ओढली, टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच्या मनगटावर उमटवला. डॉक्टर शांत होते. त्यांनी शाळेतलं विचारलं, घरातलं विचारलं. जन्मताना वजन किती होतं, लगेच रडला का, चालायला-बोलायला कधी लागला, सगळं नीट लिहून घेतलं. मग मान खालीच ठेवून विचारलं, "आई, गरोदरपणात काही टेन्शन होतं का?"

मी "हो" म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्या दृष्टीने एक रकाना भरला होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मात्र त्या एका 'हो'ने निकाल लागला होता. एसटीत सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री ओटा आवरताना म्हणाल्या, "तरी मी तेव्हाच सांगत होते, एवढा विचार करत जाऊ नकोस म्हणून." त्या वाईट नाहीत. या मुलाला न्हाऊमाखू घालून वाढवलंय त्यांनी. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्याच्या प्रत्येक खोडीचं मूळ ठरलं, आणि ते मूळ म्हणजे मी.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. अतिचंचलता, म्हणजे ज्याला तुम्ही एडीएचडी म्हणता, त्याचं निदान होऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी डॉक्टरांच्या त्या प्रश्नावर खूप विचार केला. प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही. तो सात वर्षं उशिरा आला होता, आणि उशिरा आल्यामुळे त्याचा उपयोग कुणालाच नव्हता, फक्त ओझं होतं. एवढं एकच सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मुलगा २०१२ सालचा. त्याच्या आधी माझा एक गर्भ चौथ्या महिन्यात गेला होता. त्यामुळे पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंदाच्या आधी धास्ती आली. शाळा घरापासून बावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार खडीचे. यजमान नोकरीला पुण्यात, शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. सातव्या महिन्यापासून मला रात्री अडीच-तीनच्या सुमाराला जाग येऊ लागली. छाती धडधडायची, तळहातांना घाम यायचा. बाळ शेवटचं कधी हललं ते आठवत मी उठून बसायची. गार पाणी प्यायची, गुळाचा खडा खायची, डाव्या कुशीवर व्हायची आणि वाट बघायची. हललं की पंधरा मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा मोजणी सुरू.

तपासणीला मी एकदाही चुकले नाही. वजन, बीपी, लघवी, रक्त, पोटाची वाढ, बाळाचे ठोके. माझं कार्ड शाळेच्या हजेरीपटासारखं भरलेलं होतं. एचबी दहा आलं म्हणून लोहाच्या गोळ्या वाढवल्या. पुढच्या वेळी साडेदहा झालं तेव्हा मॅडमनी पाठ थोपटली. आठव्या महिन्यात एकदा धीर करून मी म्हणाले, "मॅडम, झोप लागत नाही, सारखी भीती वाटते." त्या म्हणाल्या, "या दिवसांत होतंच असं. टेन्शन घेऊ नका, बाळ छान आहे." बाहेर चाळीसेक बायका ताटकळत होत्या, त्यातल्या दोघींचे पाय सुजलेले मी बघितले होते. मला मॅडमचा राग तेव्हा आला नाही, आजही नाही. एचबी कमी आलं तर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं, त्यासाठी गोळी होती, पुढची तारीख होती. भीतीसाठी यातलं काहीच नव्हतं. म्हणून धीर दिला आणि पुढच्या बाईला हाक मारली.

ज्या वर्षी निदान झालं, त्याच वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरात, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी फिरली. आई चिंतातुर असेल तर मुलं अतिचंचल होतात, असा तिचा मथळा होता. कुणीतरी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. माझं नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी वाचलं होतं मात्र.

मी ती बातमी सोडली नाही. माझी धाकटी बहीण औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, तिला बसवून त्या बातमीच्या मागचं मिळेल ते वाचून घेतलं. बातमी कोपनहेगनमधल्या एका वैद्यकीय परिषदेत सांगितलेल्या निष्कर्षांवर होती, आणि ते निष्कर्ष इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या परिसरात चाललेल्या एका मोठ्या अभ्यासातून आले होते. एप्रिल १९९१ ते डिसेंबर १९९२ या काळात बाळंत होणार असलेल्या तिथल्या चौदा हजारांहून जास्त गरोदर बायकांना त्यात सामील करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या मुलांची नोंद ठेवली जाते आहे. त्या बायकांना गरोदरपणातच विचारलं होतं की तुम्हाला काळजी वाटते का, किती वाटते. अठराव्या आठवड्यात विचारलं, पुन्हा बत्तिसाव्या आठवड्यात विचारलं. हे वाचून मी थांबले. बत्तिसावा आठवडा म्हणजे आठवा महिना. मी "भीती वाटते" म्हणाले, तेव्हाच तर.

२००२ साली याच माहितीवरून थॉमस ओ'कॉनर, व्हिवेट ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्या बायकांची चिंता सगळ्यांत जास्त होती, त्यांच्या मुलांमध्ये चार वर्षांच्या वयात वागणुकीच्या आणि भावनिक अडचणी जास्त आढळल्या. अतिचंचलता आणि लक्ष न लागणं हे विशेष करून मुलग्यांमध्ये. आईचं धूम्रपान, बाळाचं वजन, घरची परिस्थिती, बाळंतपणानंतरचं नैराश्य, हे सगळं हिशेबात धरूनही तो संबंध पुसला गेला नाही. २०१९ च्या निष्कर्षात मुलं सोळा वर्षांची झाली होती. चिंता मध्यम किंवा जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये अतिचंचलतेची लक्षणं साधारण दुप्पट होती.

'दुप्पट' या शब्दाने व्हॉट्सॲपवर हात जोडले गेले. मी चौथीला गणित शिकवते, म्हणून तो शब्द फोडून लिहिते. निश्चिंत आयांच्या शंभर मुलांमागे पाच, तर चिंताग्रस्त आयांच्या शंभरांमागे अकराच्या आसपास. म्हणजे भरपूर काळजी केलेल्या शंभरातल्या एकोणनव्वद जणींच्या मुलांना यातलं काही झालेलं नाही. आणि काळजी न केलेल्या पाच जणींच्या मुलांना झालेलं आहे. मथळ्यात या एकोणनव्वद जणीही नव्हत्या, त्या पाच जणीही नव्हत्या.

हे कसं घडत असावं याबद्दलही वाचलं, आणि खरं सांगते, ते वाचताना पोटात कालवलं. माणूस सतत धास्तीत असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. आईच्या कॉर्टिसॉलपासून बाळाला वाचवायला वारेत एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, ते बरंचसं कॉर्टिसॉल निष्प्रभ करून टाकतं. लंडनमध्ये केलेल्या एका अभ्यासात चिंता जास्त असलेल्या बायकांच्या वारेत हे विकर कमी आढळलं. म्हणजे ज्या भिंतीने अडवायचं तीच पातळ झालेली. त्या रात्री मी मुलाच्या शेजारी पडून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. अडीच वाजता गुळाचा खडा तोंडात टाकून बसलेली मी, आणि आत तो.

पण बहीण म्हणाली, इथेच थांबू नकोस, पुढचं वाच. बरं झालं वाचलं.

कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी एक वेगळी वाट शोधली. टेस्ट ट्यूबच्या तंत्राने झालेल्या मुलांत काही अशी असतात की जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिचं बीज नसतं, दुसऱ्या बाईचं असतं. अशा जोड्यांमध्ये गरोदरपणातल्या ताणाचा परिणाम खरोखर पोटातून होत असेल, तर तो बीज कुणाचंही असलं तरी दिसायला हवा. बाळाच्या कमी वजनाच्या बाबतीत तसंच दिसलं. अतिचंचलतेच्या बाबतीत मात्र नाही. तिथे ताणाशी संबंध दिसला तो फक्त ज्या मायलेकरांचं बीजाचं नातं होतं त्यांच्यात. म्हणजे काही घरांत आईचा अस्वस्थ जीव आणि मुलाची अस्वस्थ पावलं, दोन्ही एकाच वारशातून आलेली असू शकतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतला अनुवंशाचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात धरला जातो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. माझे सासरे गावात 'भिंगरी' म्हणून ओळखले जायचे. पंगतीत कधी पूर्ण जेवले नाहीत, भात यायच्या आत उठायचे. त्यांच्या आईला गरोदरपणात टेन्शन होतं का, असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि आणखी एक. १९७९ साली रसेल बार्कली आणि चार्ल्स कनिंगहॅम या दोघांनी अतिचंचल मुलग्यांना काही दिवस औषध आणि काही दिवस नुसतीच दिसायला तशी गोळी देऊन मायलेकरांचं एकमेकांशी वागणं बघितलं. औषधाच्या दिवसांत मुलं आईचं जास्त ऐकू लागली, आणि आयांचे हुकूम आणि टोकणं कमी झालं. आयांना कुणी काही शिकवलं नव्हतं. मूल जरा स्थिर झालं, तशी आई निवळली. म्हणजे जी आई तुमच्या समोर येऊन घाईघाईने बोलते, मुलाला सारखी दटावते, पर्समध्ये रुमाल शोधताना जिचे हात थरथरतात, ती सात वर्षांपूर्वीही अशीच होती असं धरून चालू नका. सात वर्षं रस्ता ओलांडताना तिने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलेलं आहे. त्याचाही परिणाम असतो.

मग शेवटी खरं काय? मला जे समजलं ते असं, की तीन-चार धागे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एखाद्या विशिष्ट मुलाच्या बाबतीत कोणता किती, हे कुणालाच सांगता येत नाही. तुम्हालाही नाही. म्हणून मुलाच्या तपासणीत, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, "गरोदरपणात टेन्शन होतं का" हा प्रश्न एका वाक्यात विचारून सोडून देऊ नका. विचारायचाच असेल तर आईला एकटीला विचारा, आणि उत्तर आल्यावर पुढचं वाक्यही बोला. त्याने एकट्याने हे झालं असं नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आणि मग हेही विचारा की आता तुम्ही कशा आहात. मला सहा वर्षांत हे कुणी विचारलं नाही. फिजिओथेरपीच्या ताई, ऑक्युपेशनल थेरपीच्या ताई, समुपदेशक, सगळ्यांनी मला घरी काय करून घ्यायचं याचे कागद दिले, सगळे चांगले कागद होते. मी झोपते का, हे त्यांत कुठे नव्हतं.

आईवर ढकलण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडत असत, आणि ते सामान्य लोक नव्हते, नावाजलेले डॉक्टर होते. ते चूक होतं हे मान्य व्हायला एक अख्खी पिढी गेली. आपल्याकडे तर अभिमन्यूची गोष्टच घ्या. लहानपणापासून ऐकलेली: चक्रव्यूहातून बाहेर यायचं सांगणं सुरू होतं आणि सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोर मेलं. मीही वर्गात तशीच सांगायची. पुढे कधीतरी महाभारताचा अनुवाद वाचताना लक्षात आलं की द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला सरळ सांगतो, वडिलांनी मला आत शिरायचं शिकवलंय, संकट आलं तर बाहेर पडता येणार नाही. तिथे सुभद्रेच्या डुलकीचा पत्ता नाही. समोर सहा महारथी मिळून एका सोळा वर्षांच्या पोराला घेरतात, आणि लोकांच्या तोंडी दोष उरतो तो गरोदर बाईच्या झोपेचा. आता मी ती गोष्ट वर्गात वेगळी सांगते.

गर्भसंस्काराचे वर्ग आता तालुक्याच्या गावापर्यंत आलेत. काही दवाखान्यांतच चालतात. बायका एकत्र बसतात, संगीत ऐकतात, श्वासाचे व्यायाम करतात, यात वाईट काहीच नाही. पण भिंतीवर लिहिलेलं असतं, आनंदी राहा, तुमचा प्रत्येक विचार बाळापर्यंत पोहोचतो. ज्या बाईचा जीव आधीच घाबरलेला आहे तिने हे वाचून काय करायचं? मी तेव्हा असंच एक पुस्तक वाचत होते. अडीच वाजता जाग आली की बाळ हलत नाही ही भीती, आणि या भीतीचा बाळावर परिणाम होतोय ही दुसरी भीती. आपल्या भाषेत तर काळजी हा शब्दच दुहेरी आहे. दवाखान्यातून निघताना "काळजी घ्या" म्हणतात आणि "काळजी करू नका" म्हणतात, एका दमात. घ्यायची कशी ते कार्डावर लिहून मिळतं. करायची नाही ती कशी, हे कुणी सांगत नाही.

माझ्याकडूनही हेच झालंय, ते लपवत नाही. माझ्या मुलाचं निदान व्हायच्या दोन वर्षं आधी ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळीतला एक मुलगा आमच्या वर्गात बसायचा. बसायचा म्हणजे काय, खिडकीत, दारात, बाकाखाली. एका शनिवारी त्याची आई न्यायला आली तेव्हा मी तिला म्हणाले, "जरा लक्ष देत जा घरी, तुम्हीच वैतागलेल्या असल्यावर पोरगं असंच होणार." ती पोटुशी होती. पहाटे चारला फडात जायची, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढायची. मुकादमाची उचल फिटायची होती. तिच्या काळजीला पत्ता होता, रक्कम होती. मी तिला "लक्ष देत जा" म्हणाले. ती "हो बाई" म्हणाली, पोराचा हात धरला आणि गेली. हंगाम संपला, टोळी गेली, मला तिला पुन्हा काही सांगता आलं नाही. तेव्हा माझ्याही तोंडून तेच वाक्य निघालं, जे पुढे माझ्या ओट्यापाशी मला ऐकावं लागलं.

म्हणून 'चिंता' म्हटलं की ती बाईच्या डोक्यातच जन्मते असं धरू नका. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या आयांपैकी २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झालेला होता. कारणं कोणती निघाली? गरिबी, नवऱ्याची मारहाण, बिघडलेला संसार, मुलगी झाली म्हणून. यातलं एकही कारण बाईने आनंदी विचार केल्याने जात नाही.

आणि तरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदर बाईला चिंतेबद्दल दोनच प्रश्न विचारायला सांगितलेत: अलीकडे घाबरल्यासारखं, जीव टांगल्यासारखं होतं का, आणि काळजी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही असं होतं का. दोन प्रश्न. बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळेपर्यंत विचारून होतील, ते सिस्टरही विचारू शकतील. फक्त शब्द आपल्या बायकांचे हवेत. आमच्या भागातली बाई "मला चिंता वाटते" असं म्हणणार नाही. ती म्हणेल, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, डोकं भणभणतं, हातापायाला मुंग्या येतात, कसंतरीच होतं. दहा वेळा "कसंतरी होतं" म्हणून येणाऱ्या बाईला दहा वेळा कॅल्शियमची गोळी मिळते. आणि सासू बाहेर बसलेली असताना विचारा. ती आत असेल तर उत्तर "काही नाही, बरी आहे" असंच येईल.

उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण सगळीकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. पण प्रत्येकीला तज्ज्ञ लागतोच असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या एका सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांच्या चिंतेवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, थोडंसं प्रशिक्षण दिलेल्या मुलींनी तिथे गरोदरपणातच काही बैठका घेऊन बायकांशी बोलणं केलं, काळजीच्या विचारांशी कसं वागायचं ते शिकवलं. बाळंतपणानंतर या बायकांपैकी १२ टक्के जणींना चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास उरला होता. ज्यांना नेहमीचीच तपासणी मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ४१ टक्के होतं. गोव्यातही गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या नैराश्यासाठी गावातल्याच बायकांना 'सखी' म्हणून तयार करून असं काम झालेलं आहे. आपल्याकडे आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येतातच. बाळाचं वजन करतात, नाळ बघतात. त्यांच्यावर कामाचा बोजा किती आहे हे मी रोज बघते, त्यामुळे तो आणखी वाढवा असं सहज लिहिणार नाही. पण त्यांना दोन दिवसांचं चांगलं प्रशिक्षण आणि त्याचा योग्य मोबदला मिळाला, तर त्यांच्याइतकं जवळचं बाईला कुणी नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून तपासणी होते, २०१६ पासून. मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि त्यात मुलांच्या ज्या तीस आजारांची तपासणी ठरवली आहे त्यांत अतिचंचलताही आहे. आईसाठी एक दार आहे, मुलासाठी एक दार आहे. दोन्ही दारांच्या मधे कुणी उभं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडची माझी फाइल मुलगा जन्मला त्या दिवशी बंद झाली. बालरोगतज्ज्ञांकडे मुलाची नवी फाइल उघडली. माझी भीती जुन्या फाइलमध्ये लिहिलीच गेली नव्हती, त्यामुळे नव्या फाइलमध्ये ती एकदम आरोपासारखी आली.

तुमच्या संघटनांच्या जिल्हा शाखा आहेत, परिषदा होतात, तुम्ही एकमेकांना भेटता. आठव्या महिन्यात विचारलेलं आणि त्यावर काय केलं ते आईच्या कार्डावर एका ओळीत लिहा, आणि ती ओळ बाळाच्या डॉक्टरांपर्यंत जाऊ द्या, तिला विचारून. ज्या बाईला चिंतेची गोळी आधीपासून सुरू आहे तिला "आता बंद करा" असं कुणीही दारातल्या दारात सांगू नये, विचार करून ठरवावं. आणि मुलाच्या तपासणीला वडिलांनाही बोलवा, त्यांनाही प्रश्न विचारा. माझ्या यजमानांना त्या दिवशी एकच प्रश्न विचारला गेला होता, नोकरी कुठे करता.

माझा मुलगा बरा आहे. औषध घेतो, तबला शिकतो, तबल्यावर मात्र तासभर बसतो. गणितात हातचा विसरतो. सासूबाईंना मागच्या दिवाळीत मी ब्रिस्टलचं सगळं समजावून सांगितलं, एकोणनव्वद आणि अकराचं गणित शेंगदाणे मांडून दाखवलं. त्या बराच वेळ शेंगदाण्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझाही जीव असाच उडालेला असायचा, हे पोटात असताना." 'हे' म्हणजे माझे यजमान. चाळीसहून जास्त वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

२०१२ साली आठव्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं, ते इथे लिहून ठेवते. मॅडम, आधीचं बाळ गेलं तेव्हा मी शाळेत होते आणि मला कळलंच नाही, म्हणून आता मला झोपायची भीती वाटते. झोपले आणि हे हलायचं थांबलं तर मला कळणार नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण ते लांब असतात आणि त्यांनाही झोप लागणार नाही. खडीच्या रस्त्यावर रिक्षा आदळली की मी दोन्ही हात पोटाखाली धरते. मला कुणीतरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं बाळाचे ठोके ऐकवाल का? आणि रात्री भीती वाटली तर काय करायचं, ते सांगाल का?

आपली,
एक आई आणि प्राथमिक शिक्षिका
जिल्हा सातारा